द्रोग्बा २१ व्या वर्षी प्रो झाला, मग १९ ला उशीर कसला?

पेठेतला_९:
मंडळी, धाकटा भाऊ १९ चा हाय, पेठेतल्या टीमकडनं स्ट्रायकर खेळतो, केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला अधनंमधनं सब म्हणून उतरतो. परवा एका अकॅडमीच्या ट्रायलला गेलता, तिथं वय झालं म्हणून परत पाठवलं. तवापासनं धड जेवत न्हाई. घरातली म्हणत्यात बीकॉम कर आन् बूट माळ्यावर टाक. ह्यो सारखं चेल्सीच्या त्या जुन्या स्ट्रायकरचं, द्रोग्बाचं सांगतोय की त्यो पण उशिराच आला. खरंय का हे?

ब्लूज_कोल्हापूर:
शंभर टक्के खरंय भावा. जन्म १९७८ चा, आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानचा. पाच वर्षाचा असताना घरच्यांनी फ्रान्सला काकाकडं पाठवला, काका प्रो फुटबॉलर, सारखे क्लब बदलायचे आणि त्यामुळं पोराची शाळा पण बदलायची. ल मांस क्लबला असताना अकाउंटन्सी शिकत होता आणि तिथंच १९९९ मध्ये २१ व्या वर्षी पहिलं प्रो कॉन्ट्रॅक्ट मिळालं. दुखापती लई झाल्या, लगेच काय नाव झालं न्हाई. २००२ ला गँगाँ क्लब, तिथं २००२-०३ च्या सीझनला लीगमध्ये १७ गोल, मग मार्सेय क्लब आणि २००४ ला २ कोटी ४० लाख पौंडांना इंग्लंडचा चेल्सी! म्हणजे पाच वर्षात कुठनं कुठं. चेल्सीसाठी ३८१ मॅचमध्ये १६४ गोल, दोनदा प्रीमियर लीगचा गोल्डन बूट, म्हणजे सीझनला सगळ्यात जास्त गोल.

जुना_हाफबॅक:
सगळं बरोबर, पण पोराला अर्धंच सांगू नका. द्रोग्बाला उशीर झाला तो कॉन्ट्रॅक्टला, खेळायला न्हाई. लहानपणापासनं फ्रान्समधल्या क्लबांच्या ज्युनिअर टीममधनं खेळत आलेला, रोज कोच, वर्षभर मॅचेस. आपल्याकडं सीझन संपला की ग्राउंड रिकामं आणि पोरं कट्ट्यावर. तुझ्या भावाला वयापेक्षा मॅचेस कमी पडत्यात असं मला वाटतं. सब म्हणून दहा मिनिटं खेळून स्ट्रायकर घडत न्हाई, बारक्या टीमकडं जाऊ दे पण पूर्ण ९० मिनिटं खेळू दे. आणि बीकॉम सोडू नको म्हणावं, द्रोग्बा पण शिकतच होता की.

गॅलरी_पूर्व:
मला त्याचं डोकं आवडतं. २००८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला मँचेस्टर युनायटेडच्या विडिचला चापट मारली, रेड कार्ड, टीम पेनल्टीवर हरली. २०१२ च्या फेब्रुवारीत आफ्रिका कपची फायनल, समोर झांबिया, ह्याची पेनल्टी बारवरनं गेली, कप गेला. दुसरा असता तर पेनल्टीला हात लावला नसता. मे महिन्यात म्युनिकला परत चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न १-० नं पुढं, ८८ वं मिनिट, माटाचा कॉर्नर, हा मागनं धावत निअर पोस्टला येतो आणि मान अशी झटकतो की त्यांच्या गोलकीपरला, नॉयरला काय करताच आलं न्हाई. एक्स्ट्रा टाइमला ह्यानंच बायर्नच्या रिबेरीला पाडून पेनल्टी दिली, आपला गोलकीपर चेकनं वाचवली. आणि शूटआउटची शेवटची किक परत हाच घ्यायला गेला, मारली आणि कप चेल्सीचा. भावाला त्यो हेडर स्लो करून दाखव, बॉल हवेत असताना त्याचे पाय कुठं हायत ते बघायला सांग.

पेठेतला_९:
थँक्यू सगळ्यांना, रातीच दाखवतो. हाफबॅक काका, बारकी टीम म्हणजे बी डिव्हिजनची चालंल का? त्यो उजव्या पायाचा हाय, हेडर कच्चा हाय.

जुना_हाफबॅक:
चालंल की. सकाळी लवकर ग्राउंडवर पाठव, क्रॉस मी टाकतो.