नाव हातांनी वाहून न्यावी लागते अशा जागेवरून नदीत कसे उतरावे?

प्रश्न: आमच्याकडे सुमारे २५ किलोची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद नाव) आणि बसून तरंगायच्या दोन हवेच्या ट्यूब आहेत. गाडी काठापर्यंत जात नसेल, तर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १: नाव दोघांनी दोन्ही टोकांच्या मुठी धरून उचलावी, फरफटत नेल्यास तळ घासतो आणि काठही ढासळतो. ट्यूब मात्र पाण्याजवळ नेऊनच फुगवाव्यात, कारण वाटेतला एखादा काटा सगळ्या सहलीवर पाणी फिरवतो.

उत्तर २: त्याआधी नदीतून बाहेर पडण्याची जागा पाहून या आणि पाण्यातूनही ओळखू येईल अशी खूण हेरून ठेवा. ट्यूब कयाकच्या बरीच मागे पडते आणि समोरून वारा असला, तर जवळजवळ जागच्या जागीच गिरक्या घेत राहते.

उत्तर ३: ट्यूब एकमेकींना दोरीने बांधू नका, पडलेल्या झाडाच्या फांद्यांत दोरी अडकली, तर प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. जीवरक्षक जाकीट घालाच. उलटलात, तर वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, कारण पाऊल दगडांत अडकते. पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून, पाठीवर तरंगत काठाकडे सरका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. दोरी कालच आणली होती. ती आता गाडीच्या टपावर नाव बांधायला वापरेन.