टेनेसीचे जनरल नीलंड: नुसत्या डिफेन्सवर एवढं मोठं नाव कसं काय?

डावा_कोपरा

नमस्कार मंडळी, प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, कुणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा. माझा मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसीला शिकतोय, नॉक्सव्हिलला. मागच्या शरद ऋतूत आम्ही दोघं तिकडे गेलो होतो तेव्हा त्याने मॅचला नेलं. नदीच्या काठाला ते प्रचंड स्टेडियम, एक लाखाच्या वर माणसं, सगळीकडे नारिंगी, लोक बोटींतून मॅचला येतात, मी तर बघतच राहिले. स्टेडियमचं नाव नीलंड. मुलगा म्हणाला हे जनरल नीलंड, इथले जुने कोच, आणि अजूनही प्रत्येक मॅचच्या आधी टीम लॉकर रूममध्ये त्यांची सात सूत्रं एकत्र म्हणते. आता हा माणूस १९५२ मध्ये कोचिंग सोडून गेला आणि १९६२ मध्ये वारला, म्हणजे आज खेळणाऱ्या पोरांच्या आजोबांच्या वेळचा, तरी एवढं?

मी विचारलं त्यांचं विशेष काय तर मुलगा म्हणाला डिफेन्स. बस एवढंच. मी स्वतः कॉलेजात कबड्डी खेळलेय, डाव्या कोपऱ्याला, त्यामुळे मला हे जास्तच लागून राहिलंय. चढाईवाल्याचं नाव पेपरात यायचं, पट काढणाऱ्याचं कधी नाही. मग जो कोच फक्त अडवण्यावर भर देत होता त्याचं नाव एवढ्या मोठ्या स्टेडियमला कसं लागलं? त्यांचा खेळ नेमका कसा होता ते कुणी समजावून सांगेल का.

नॉक्सव्हिलकर

ताई, मी इथे बावीस वर्षं आहे, माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात.

रॉबर्ट नीलंड मूळचे टेक्सासचे, वेस्ट पॉइंटला शिकलेले लष्करी इंजिनिअर. १९२५ मध्ये कॅप्टन असताना टेनेसीला आले ते विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण द्यायला आणि जोडीला असिस्टंट कोच म्हणून, आणि १९२६ ला हेड कोच झाले. तेव्हा युनिव्हर्सिटीची एकच मागणी होती, व्हँडरबिल्टचा, म्हणजे याच राज्यातल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा, हिशेब चुकता करा. कारण तोवर टेनेसीने व्हँडरबिल्टला जेमतेम दोनदा हरवलं होतं. नीलंडनी त्यांच्याविरुद्ध १६ जिंकल्या, ३ हरल्या, २ बरोबरीत. एकूण रेकॉर्ड १७३ विजय, ३१ पराभव, १२ बरोबरी. म्हणजे २१६ मॅचेस, आणि त्यातल्या ११२ मध्ये समोरच्या टीमला एकही पॉइंट करू दिला नाही. निम्म्याहून जास्त मॅचमध्ये शून्य! १९३९ चा सीझन तर असा की दहाच्या दहा मॅचेस शून्यावर. त्यानंतर आजपर्यंत मोठ्या कॉलेजांत कुणाला पूर्ण रेग्युलर सीझन असा काढता आलेला नाही.

पण तुम्ही आकडे नाही, खेळ कसा होता ते विचारलंय. बघा, या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्याला डाऊन म्हणतात. तिसऱ्यापर्यंत जमलं नाही तर चौथ्याला बॉल लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकायचा, हा पंट. आता नीलंड काय करायचे, कित्येकदा चौथ्याची वाटच नाही बघायचे, तिसऱ्या डाऊनला किंवा त्याच्याही आधी अचानक पंट. समोरच्यांचा बॉल झेलणारा माणूस मागे उभाच नसायचा, बॉल गडगडत थेट त्यांच्या गोललाइनजवळ. म्हणजे बॉल तुमच्याकडे आहे पण तुम्ही तुमच्याच दारात अडकलेले आणि समोर पूर्ण मैदान. ऐंशी नव्वद यार्ड जायचं तर किती डाव नीट खेळावे लागतील, आणि प्रत्येक डावात चुकायची भीती. कधीतरी बॉल हातातून निसटणार, कधीतरी पंट वाकडा जाणार. ते त्या चुकीची वाट बघायचे आणि ती झाली की लगेच टचडाऊन, म्हणजे बॉल थेट समोरच्याच्या गोललाइनपलीकडे.

१९३२ ची अलाबामाविरुद्धची मॅच वाचा कधीतरी. बर्मिंगहॅमला, धो धो पाऊस, मैदानाचा नुसता चिखल. टेनेसीचा बीटी फेदर्स आणि अलाबामाचा जॉनी केन, दोघांनी मिळून चाळीसच्या आसपास पंट मारले. दिवसभर नुसतं तू घे मी घे. शेवटी केनचा एक पंट आपल्याच गोलजवळ बिघडला, टेनेसीला बॉल जवळ मिळाला आणि मॅच ७-३ ने जिंकली. लोकांना वाटतं डिफेन्स म्हणजे भिंत होऊन उभं राहायचं. नीलंडचा डिफेन्स तसा नव्हता, तो समोरच्याला ढकलत ढकलत त्याच्याच कोपऱ्यात नेऊन कोंडायचा. सात सूत्रांतलं पहिलंच हे की ज्या टीमच्या चुका सगळ्यात कमी ती जिंकते. आणि शेवटचं, लढाई समोरच्याच्या अंगणात न्या आणि ६० मिनिटं तिथेच ठेवा. मध्ये एक आहे ते मला सगळ्यात आवडतं, सुरुवातीला डाव उलटा पडला तर ढिले पडू नका, जोर आणखी वाढवा. माझी मुलगी परीक्षेच्या आधी हेच म्हणायची.

ओहायोतला_अभ्या

दादांबद्दल आदर आहे पण दुसरी बाजू पण यायला हवी असं मनापासून वाटतं. १९३० च्या काळात सगळीकडेच स्कोअर कमी असायचे, पासिंग फारसं नव्हतं, तेच अकरा जण अटॅक पण करायचे आणि डिफेन्स पण. त्यामुळे ते शून्य आजच्या मापाने मोजू नये. आणि मोठ्या मंचावर काय झालं? १९३९ ची ती अभेद्य टीम १ जानेवारी १९४० ला रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाकडून ०-१४ हरली (बोल म्हणजे रेग्युलर सीझन संपल्यावर निवडक टीम्सची होणारी खास मॅच). पुढच्या वर्षी पण सीझनभर अजिंक्य आणि शुगर बोलला बॉस्टन कॉलेजकडून पराभव. १९५१ ला राष्ट्रीय विजेते ठरले, पण ते रँकिंग बोलच्या आधीच जाहीर व्हायचं, आणि मग मेरीलँडने १३-२८ ने हरवलं. बोल गेम्समध्ये २ विजय ५ पराभव. जो कोच फक्त समोरच्याच्या चुकीवर अवलंबून असतो त्याला तितकीच चोख टीम भेटली की अडचण होते, असं माझं मत.

शिवाय ते सिंगल विंग ही अटॅकची जुनी मांडणी सोडायला शेवटपर्यंत तयार नव्हते, बाकीचे टी फॉर्मेशन या वेगळ्या मांडणीला गेले तरी. अटॅक आणि डिफेन्सला वेगळे खेळाडू ही पद्धत आली ती पण त्यांना अजिबात पटली नाही, १९५३ ला नियम बदलून ती बंद झाली तर खूश झाले. आज बघा सगळा खेळ पुन्हा त्याच वेगळ्या खेळाडूंच्या पद्धतीवर चालतो.

आणि एक गोष्ट स्टेडियमच्या झगमगाटात कुणी बोलत नाही. त्यांच्या सगळ्या टीम फक्त गोऱ्या मुलांच्या होत्या. टेनेसीकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लेस्टर मॅक्लेन, मैदानात उतरला १९६८ ला. नीलंड कोचिंग सोडल्यावर पण १९६२ पर्यंत अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागाचे प्रमुख) होते, म्हणजे अधिकार त्यांच्या हातात होता. सगळ्या दक्षिणेत तेच चालायचं हे खरं, पण वारसा म्हणताना हे पण मोजायला लागेल ना.

नॉक्सव्हिलकर

अभ्या, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य, इथले जुने लोक तो टाळतात आणि टाळू नये. बोल गेम्सचं पण खरं आहे, फक्त रोझ बोलबद्दल एवढंच की त्यांचा मुख्य खेळाडू जॉर्ज कॅफेगो गुडघ्याच्या दुखापतीने जवळजवळ बाहेरच होता. पण काळाचा मुद्दा नाही पटला. स्कोअर सगळ्यांचेच कमी होते तर मग सगळ्यांनीच का नाही केलं? १९३८ च्या नोव्हेंबरपासून १९४० च्या ऑक्टोबरपर्यंत लागोपाठ १७ रेग्युलर सीझन मॅचेस शून्यावर. त्याच काळातल्या अलाबामाला, ऑबर्नलासुद्धा शून्यावर ठेवलं. शेवटी अलाबामानेच ती साखळी तोडली तरी ती मॅच पण टेनेसीने २७-१२ ने जिंकली.

हुगळीकाठी

मी फुटबॉलवाला नाही, नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात काढली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कोलकात्याबद्दल वाचायची आवड आहे, त्यातून हे नाव मला माहीत. बहुतेक फुटबॉलप्रेमींना हे माहीत नसतं म्हणून लिहितो. हे नीलंड युद्धात ब्रिगेडियर जनरल होते आणि कलकत्त्याच्या अमेरिकन लष्करी तळाचे प्रमुख होते. गोदीत जहाजं रिकामी करायची, माल रेल्वेने आसामकडे पाठवायचा, तिथून विमानाने हिमालय ओलांडून चीनला. ऐन पावसाळ्यात, अरुंद रेल्वे, मध्ये ब्रह्मपुत्रा. वरची पोस्ट वाचून मला एकदम वाटलं की हा माणूस दोन्हीकडे एकच काम करत होता, किती अंतर, किती टप्पे, कुठे माल अडकेल, कुठे चूक होईल. जनरल ही पदवी लोकांनी प्रेमाने दिलेली नाही, खरी कमावलेली आहे. ब्रिटिशांनी पण त्यांना सन्मान दिला होता.

आणि वारशाबद्दल, अभ्याच्या मुद्द्याला धरून एक नाव सांगतो जे शोधता शोधता सापडलं. मरे वॉर्मथ, नीलंडच्या हाताखाली टेनेसीत खेळलेला, टेनेसीचाच मुलगा. तो पुढे मिनेसोटाचा कोच झाला आणि दक्षिणेतल्या युनिव्हर्सिट्या ज्यांना घेत नव्हत्या अशा कृष्णवर्णीय मुलांना त्याने मिनेसोटाला नेलं. बॉबी बेल नॉर्थ कॅरोलायनाचा. क्वार्टरबॅक, म्हणजे अटॅक चालवणारा खेळाडू, सँडी स्टीफन्स. १९६० ला मिनेसोटा राष्ट्रीय विजेती. आणि खेळ कसा? डिफेन्स आणि किकिंग, गुरूने शिकवला तसाच. म्हणजे जे नीलंडनी केलं नाही ते त्यांच्याच शिष्याने त्यांचीच विद्या घेऊन केलं. मला यात खूप काही दिसतं.

डावा_कोपरा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं. हुगळीकाठी, वॉर्मथबद्दल वाचून खरंच भरून आलं. अभ्या, तुमचं पण बरोबर, मुलाला मी हे पाठवलं, त्याला लेस्टर मॅक्लेन माहीत होता पण १९६८ हे वर्ष ऐकून तो गप्प झाला.

आमच्या कबड्डीच्या सर म्हणायच्या पकडीला घाई नको, त्याला आत येऊ दे, त्याचा पाय तुझ्याकडे येईल. तेव्हा पटायचं नाही, वाटायचं आपण पुढे का नाही जायचं. आता नॉक्सव्हिलकर दादांचं पंटचं वाचून ते पुन्हा आठवलं, सर आज असत्या तर त्यांना हे नक्की वाचायला दिलं असतं. दादा, एकच विचारायचंय, ते गेल्यावर टेनेसीचं लगेच काय झालं? आणि स्टेडियमला नाव त्यांच्यामुळे की नंतर कुणी दिलं?

नॉक्सव्हिलकर

ताई, ते मध्येच जायचे तेव्हाच कळायचं. १९३५ मध्ये लष्कराने त्यांना पनामाला पाठवलं, त्या वर्षी टेनेसी ४ जिंकली ५ हरली. परत आले आणि दोन वर्षांनी १९३८ ला ११-०. आणि अलाबामाचा तो थोर बेअर ब्रायंट, तो आधी केंटकीचा कोच होता, सात वर्षांत नीलंडना एकदाही हरवू शकला नाही. पाच पराभव, दोन बरोबरी. नीलंडनी कोचिंग सोडल्यावर १९५३ ला पहिल्यांदा टेनेसीला हरवलं त्याने.

स्टेडियमला नाव १९६२ मध्ये दिलं, त्याच वर्षी मार्चमध्ये ते वारले. १९२१ ला तिथे ३,२०० लोकांची सोय होती फक्त. वाढवायचे आराखडे त्यांनी स्वतः केले, इंजिनिअर माणूस, आणि पुढची बरीच वाढ त्या आराखड्यांच्या धर्तीवर होत गेली, म्हणजे तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसला होतात त्यातसुद्धा त्यांचा हात आहे.

पुढच्या वेळी याल तेव्हा एक करा. टेनेसीचा पंट असेल तेव्हा सगळे वर बॉलकडे बघतात, तुम्ही बघू नका. खाली जे दहा जण जिवाच्या आकांताने धावत सुटतात त्यांच्याकडे बघा, आणि कडेने धावणारे दोघं झेलणाऱ्याला कसे आत लोटतात ते बघा. डावा कोपरा खेळलेल्या माणसाला मी वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.