शहानिशा, पडताळणी की खातरजमा?

मुद्रितशोधक: पूर आला की कोल्हापुरातल्या बातमीदारांच्या मोबाईलवर वाचकांचे फोटो-व्हिडिओ येऊन आदळतात. छापताना मात्र कुठे 'शहानिशा केली', कुठे 'पडताळणी केली', कुठे 'खातरजमा केली', सगळं एकाच अर्थाने. हल्ली त्यात 'तथ्यतपासणी'ची भर. या शब्दांत खरंच फरक आहे का?

खिळेजुळारी: आहे, आणि तो डेस्कवर कामाला येतो.

पडताळा आपण शाळेत शिकलो: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, की भाज्य यायला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाच्या विसर्गाचा आकडाही तसाच ताडता येतो. धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे, एकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. 'चार दरवाजे उघडले, ७२१२ क्युसेक' असा मेसेज आला तर ५७१२ दरवाजांचे आणि उरलेले १५०० वीजगृहाचे. बसतंय. 'चार दरवाजे, १२ हजार' असेल तर गफलत आहे. दुसऱ्या धरणाचा आकडा मिसळला असेल किंवा मेसेज जुना असेल. ही पडताळणी. कुणालाही फोन न करता होते.

शहानिशेला माणूस लागतो. पाठवणाऱ्याला विचारायचं: व्हिडिओ स्वतः काढलात का? कुठे उभे होतात? किती वाजता? मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख-वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते, म्हणून हा आग्रह. मग त्याच गल्लीतला दुसरा कुणीतरी गाठायचा, पहिल्याच्या ग्रुपमधला नको. तो तोच व्हिडिओ बघून 'होय होय' म्हणेल.

खातरजमेतला 'खातर' म्हणजे मन. मन जमा होणं, चित्त थाऱ्यावर येणं. थोडक्यात, ती संपादकाची अवस्था आहे, पुरावा नव्हे. 'आम्ही खातरजमा केली' एवढंच छापलं तर वाचकाला हाती काहीच मिळत नाही.

रंकाळाकाठचा: नाद खुळा! पण व्हॉट्सॲपवर फॉरवर्डचा दुहेरी बाण दिसला की लोक म्हणतात 'पडताळलं, खोटं आहे'. तो बाण फक्त सांगतो की मेसेज निदान पाच हात फिरून आलाय. प्रशासनाच्या खऱ्या सूचनेलाही तो लागतो.

मुद्रितशोधक: आणि २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात, त्यांचं काय?

खिळेजुळारी: तीन-चार स्थिर चित्रं काढून गुगल लेन्समध्ये टाका. एकच टाकलं तर हुकतं. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलाय. आधी सरळ करा, मग शोधा. जोडीला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची त्या तासाची पाणीपातळी बघा. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. पातळी ३६ फूट आणि व्हिडिओत शहरातल्या व्हीनस कॉर्नरला कमरेएवढं पुराचं पाणी, हे जुळत नाही. तरी लगेच 'खोटा' म्हणू नका. मुसळधार पावसात गटारं तुंबूनही रस्त्यावर पाणी साचतं. इथे पडताळा संपतो, शहानिशा सुरू होते.

एआयने केलेली चित्रं हा वेगळाच ताप. पाटीवरच्या वेलांट्या-मात्रा बिघडल्यात का बघावं, पण त्या बरोबर आहेत म्हणून चित्र खरं ठरत नाही.

रंकाळाकाठचा: मग 'तथ्यतपासणी'?

खिळेजुळारी: विभागाचं नाव म्हणून चालेल. वाक्यात काय तपासलं ते लिहा: 'ठिकाण जुळले, वेळ जुळलेली नाही.'

मुद्रितशोधक: एक क्रियापदही नोंदवतो. वाचक लिहितो, 'राधानगरीतून पाणी सोडलं.' बातमीत तसंच उतरतं. ते दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात. 'सोडलं' म्हटलं की कुणीतरी सोडलं, आणि मग 'न सांगता का सोडलं' म्हणून ग्रुपवर गदारोळ. 'दरवाजे उघडले' लिहा. 'उघडण्यात आले' नको. वीजगृहातलं पाणी मात्र सोडलेलंच असतं, तिथे 'सोडलं' बरोबर.