हार्ट अटॅकवर सुजेची गोळी? जरा दमानं घ्या

पन्हाळकर: काल तालमीच्या ग्रुपवर पोस्ट आली: 'कोलेस्टेरॉल थोतांड आहे, काळीज बिघडतं ते सुजेनं, आणि सुजेवरची स्वस्त गोळी कंपन्या दडवतात.' खाली अंगठ्यांची रांग. वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे, गप्प बसवेना. दडवलंय कुठं? कॅनाकिनुमॅब या सूज दाबणाऱ्या इंजेक्शनची चाचणी २०१७ लाच छापून आली, दहा हजारांवर रुग्ण. झटके वगैरे १५ टक्क्यांनी घटले, पण जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले. एकूण मृत्यू तेवढेच. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटनं तर काहीच साधलं नाही. आणि अटॅकनंतरची सूजच मेलेला स्नायू साफ करून व्रण भरते. सरसकट दाबली तर तिथली भिंत कच्ची राहायची भीती. उद्या ही पोस्ट वाचून कुणीतरी डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी, मागणार. तेही सूज उतरवतं, पण हृदयाला उलट धोका वाढवतं.

पेठेतला_७: कोल्चिसिन ही सुजेवरची गोळी बरं सोयीस्कर विसरला! २०१९, ४,७४५ रुग्ण, अटॅकनंतर महिन्याच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम. झटके वगैरे ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर. अमेरिकेनं २०२३ ला हृदयासाठी मंजुरीसुद्धा दिली. आमच्या आबांना गाउटसाठी हीच गोळी चालू आहे. बायपासनंतर पाच वर्षांत छातीत एकदा दुखलं नाही.

पन्हाळकर: आमच्या मामांनी विड्या ओढत नव्वदी गाठली, काढू विडीचा धागा? २०२४ ला सात हजारांवर रुग्णांत तीच गोळी अटॅकनंतर लगेच दिली, फरक शून्य.

घाटावरचा: भांडताय कशाला? कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतंय. पावसाळ्यात बांधाबांधावर रग्गड. फुकटचं औषध.

रंकाळाकाठी: ही कमेंट आधी काढा! माझ्या धाकट्या भावानं लहानपणी कळलावीचा कंद रताळं समजून भाजून खाल्ला. रात्रभर उलट्या-जुलाब, आठ दिवस दवाखाना. घरी आल्यावर आई रोज सकाळी उशीवरचे केसांचे पुंजके गोळा करायची. म्हणे फुकटचं औषध!

घाटावरचा: मी खा म्हटलं का? आमची आजी बाळंतिणीच्या कळांसाठी नुसता लेप लावायची. नाव त्यावरूनच पडलंय.

पेठेतला_७: तुमचं नावही तेच ठेवा. धाग्यात कळ लावून मोकळे.

घाटावरचा: तोंड सांभाळून बोला.

सासनेमैदान: गोळ्यांवरून डोकी फोडताय, आमच्या अण्णांना पहाटे घाम फुटला, डावा हात जड झाला, तर एका ठिकाणी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. ईसीजी दुपारी निघाला. शीर उघडेपर्यंत स्नायू गेलेला. आता जिना चढताना दोनदा थांबतात. सूज उतरवून तो परत येणाराय का?

पन्हाळकर: नाही. रक्त वेळेत सुरू होणं, त्याला अजून तोड नाही.

पेठेतला_७: हे पटलं. पण २०२० ला ५,५२२ जुन्या, स्थिर रुग्णांत कोल्चिसिननं झटके वगैरे ३१ टक्क्यांनी घटले, तेवढं मान्य करा की.

पन्हाळकर: केलं. आबांच्या डॉक्टरांना सलाम, तुमच्या ग्रुपला नाही. आणि आबांना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर या गोळीचं आधी सांगा. दोन्ही मिळून विषबाधा होते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच.

पेठेतला_७: विचारतो. थँक्स म्हणणार नाही.

घाटावरचा: कमेंट काढली. भावाचे केस आले का परत?

रंकाळाकाठी: आले. पण ताटात रताळं दिसलं की अजून ताट सरकवतो.