शृंगारशिल्प आणि अश्लील चित्र यांतली सीमा कोणी आखली?

प्रश्न : कलाशिक्षक, कोल्हापूर
वर्गात खजुराहोची मिथुनशिल्पे दाखवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की हीच दृश्ये छापून कोणी रंकाळ्यावर विकायला बसले तर त्याला पोलीस धरतील, मग दगडात कोरली म्हणून ती कला कशी ठरतात? कलावंताचा हेतू महत्त्वाचा, असे मी म्हणालो. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचा हेतू आपण कशावरून ठरवणार? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

करवीरकर
सर, ही सीमा बहुतेक वेळा चित्र पाहून नव्हे, तर ते कोणाच्या हाती पडणार हे पाहून आखली गेली आहे. पाँपेई या प्राचीन रोमन शहरात संभोगचित्रे राहत्या घरांच्या भिंतींवरही होती. मात्र उत्खननात सापडलेल्या अशा वस्तू नेपल्सच्या युवराजांनी १८१९ मध्ये पत्नी आणि मुलीसह पाहिल्या, तेव्हा त्या बंद दालनात ठेवाव्यात आणि तिथे केवळ प्रौढ, सच्छील व्यक्तींनाच सोडावे, असे त्यांनी सुचवले. सर्वांसाठी ते दालन २००० मध्ये खुले झाले. त्याआधी, १५२४ च्या सुमारास, इटालियन चित्रकार जूलियो रोमानोच्या शृंगारचित्रांवरून मार्कांतोनियो या छापचित्रकाराने छापील प्रती काढल्या, तेव्हा पोपने तुरुंगात टाकले ते मार्कांतोनियोला. जूलियो मात्र मांतुआच्या दरबारात मानाने राहिला. दरबाऱ्याने पाहिले तर रसिकता आणि बाजारातल्या माणसाने पाहिले तर विकृती, हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

वकील, शाहूपुरी
कायद्यातही हे दिसते. दंडविधानाच्या कलम २९२ मध्ये मंदिरांवरील शिल्पांना स्पष्ट सूट होती. छापील मजकुराला मात्र न्यायालयात झगडावे लागले. १९६२ च्या एका दिवाळी अंकातील कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला, शिक्षाही झाली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायालयाने तेव्हा विचारात घेतले.

एक वाचक
करवीरकरांचे म्हणणे मला कॅमेऱ्याच्या आधीच्या काळापुरते पटते. छायाचित्रात आणि चित्रफितीत जिवंत व्यक्ती असते, आणि तिची संमती होती का, तिच्यावर बळजबरी झाली का, हा प्रश्न पाहणारा कोण यापेक्षा फार मोठा आहे. सर, त्या मुलीला उत्तर देताना हा भाग कृपया वगळू नका. तिच्या पिढीच्या हातातल्या मोबाईलवर जे येते, त्यातले बहुतेक कोणी कोरलेले किंवा रंगवलेले नसते.