‘फोन लागून नाही राहिला’ : व्हॉइस मेलच्या चाचणीपत्रकासाठी नेमके शब्द कोणते?

विचारणा

नागपूरजवळ वाडी येथील एका मालवाहतूक व्यवसायाच्या कार्यालयात मी दूरध्वनी यंत्रणेचे काम पाहतो. जुनी ईपीएबीएक्स (कार्यालयातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी यंत्रणा) काढून आम्ही तिच्या जागी अ‍ॅस्टरिस्क या संगणकीय दूरध्वनी प्रणालीवर चालणारी यंत्रणा बसवली आहे. एक पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन), बेचाळीस एक्स्टेन्शन (टेबलांवरचे अंतर्गत फोन) आणि कोणी फोन घेतला नाही तर व्हॉइस मेल, असा सारा पसारा आहे. मांडणीत काहीही बदलले की बाहेरून फोन लावून तो व्हॉइस मेलपर्यंत नीट जातो की नाही हे तपासावे लागते. हे काम यापुढे स्वागतकक्षातील कर्मचारी करणार असल्यामुळे चाचणीचे पत्रक मराठीतच हवे, असे ठरले आहे.

अडचण शब्दांची आहे. आमच्या तक्रारवहीत गेल्या महिन्यात सतरा नोंदी झाल्या आणि त्यांपैकी अकरा नोंदींत ‘फोन लागून नाही राहिला’ एवढेच वाक्य आहे. शोध घेतला तेव्हा या अकरा तक्रारींमागे निदान चार वेगवेगळी कारणे निघाली. पत्रकातही हेच वाक्य लिहिले जाणार असेल तर चाचणी घेऊन उपयोग नाही. ‘कॉल फ्लो’, ‘बिझी’, ‘अनअव्हेलेबल’, ‘आन्सर्ड’ आणि ‘मेसेज’ या शब्दांसाठी सामान्य कर्मचाऱ्याला अडखळायला न लावणारे आणि तरीही एकमेकांत न मिसळणारे मराठी शब्द जाणकारांनी सुचवावेत. ‘दूरध्वनी प्रतिसाद अनुपलब्धता’ अशा थाटाचे शब्द कृपया नकोत. ते मी स्वतःच तयार करून पाहिले आणि स्वतःच खोडले.

पहिला प्रतिसाद

तुमच्या तक्रारवहीतले वाक्य निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही. ते अर्धवट आहे. ‘लागणे’ हे क्रियापद मराठीत इतकी कामे करते (भूक लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, ठेच लागते) की फोनच्या बाबतीत त्याचा अर्थ आपण कधी निश्चित करूनच घेतला नाही. तरीही बोलण्यात एक सीमारेषा आहे. ‘फोन लागला, पण उचलला नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो, याचा अर्थ लागणे म्हणजे पलीकडे रिंग सुरू होण्यापर्यंतचा टप्पा होय. उचलणे ही त्यापुढची गोष्ट आहे. पत्रकात ‘लागला’ हा शब्द एवढ्याच अर्थाने वापरायचा असे ठरवले, तरी अकरांपैकी निम्म्या तक्रारी आपोआप वेगळ्या होतील.

नागपुरी बोलीतील ‘लागून नाही राहिला’ या रूपाकडेही लक्ष द्यावे. ते चालू क्रियेचे रूप आहे; बोलणाऱ्याने एकापेक्षा अधिक वेळा फोन लावला आहे आणि अजूनही लावतो आहे, असे त्यातून कळते. ‘फोन लागला नाही’ असे म्हणणाऱ्याने कदाचित एकदाच प्रयत्न केलेला असतो. दोष सततचा आहे की अधूनमधून येणारा आहे हे यंत्रणा दुरुस्त करणाऱ्याला सर्वांत आधी हवे असते, आणि तुमच्या तक्रारदारांनी ते न विचारता सांगून ठेवले आहे.

आता रिंग. इथे मराठीने एक फरक फार पूर्वीच करून ठेवला आहे, पण तांत्रिक लिखाणात तो आपण वापरत नाही. फोन लावणारा म्हणतो, ‘रिंग जात आहे’. ज्याला फोन आला तो म्हणतो, ‘रिंग वाजली’ किंवा ‘रिंग आली’. या दोन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत. फोन लावणाऱ्याच्या कानात पडणारा आवाज पलीकडच्या घंटीचा नसतो. तो मधली यंत्रणा तयार करून ऐकवते. तुमच्या अ‍ॅस्टरिस्कमध्ये तर फोन जोडण्याच्या आज्ञेला एक असा पर्याय आहे की तो दिल्यास पलीकडचा फोन प्रत्यक्षात वाजत नसतानाही लावणाऱ्याला रिंग ऐकवली जाते. त्यामुळे पत्रकात ‘रिंग गेली का?’ आणि ‘फोन वाजला का?’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा, आणि दुसरा रकाना त्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसानेच भरावा.

रिंगा मोजण्याबाबत एक सावधगिरी बाळगावी. परदेशी पुस्तिकांत ‘चार रिंगांनंतर व्हॉइस मेल’ असे लिहिलेले असते. उत्तर अमेरिकेतील रिंग दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते, म्हणजे चार रिंगांचे चोवीस सेकंद होतात. आपल्याकडची रिंग जोडीने वाजते : ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद शांतता, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग २ सेकंद शांतता. पूर्ण फेरा तीन सेकंदांचा असतो, म्हणून चार फेऱ्यांचे बाराच सेकंद होतात. शिवाय ‘ट्रिंग ट्रिंग’ ही एक रिंग की दोन, यावर तुमच्या स्वागतकक्षात वाद झाल्याशिवाय राहणार नाही. रिंगा मोजूच नयेत. मोबाइलवरील स्टॉपवॉच लावून सेकंद लिहावेत.

‘कॉल फ्लो’साठी ‘कॉल प्रवाह’ हा शब्द काही ठिकाणी दिसतो, परंतु प्रवाह म्हटले की आपल्याला पाणी किंवा वीज आठवते. ‘कॉलचा मार्ग’ हा शब्द पुरेसा आहे. ‘वाट’ हा शब्द मला अधिक आवडला असता, पण ‘व्हॉइस मेलची वाट तपासली’ असे लिहिल्यावर कोणी तरी ‘मग, लागली का?’ असे विचारणारच.

दुसरा प्रतिसाद

मी अनेक वर्षे सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. त्या काळी आम्ही ‘बिझी’ म्हणत नसू. ‘एंगेज येतो आहे’ असे म्हणत असू, आणि तो शब्द आजही नागपुरातील जुन्या माणसांच्या तोंडी आहे. पत्रकात ‘एंगेज’ लिहिल्यास कोणाचाही गोंधळ होणार नाही. मोबाइल कंपन्यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांतून ‘व्यस्त’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला, पण मराठी शाळेत आपण ‘व्यस्त चलन’ आणि ‘व्यस्त प्रमाण’ शिकलो, तिथे त्याचा अर्थ उलट असा आहे. कामात गुंतलेला या अर्थाचा मराठी शब्द ‘व्यग्र’. नागपुरात हिंदी शेजारीच नांदत असल्यामुळे ‘व्यस्त’ आता खटकेनासा झाला आहे, हेही खरे.

‘मेसेज’साठी ‘निरोप’ हाच शब्द घ्यावा, मात्र क्रियापद सांभाळावे. निरोप घेणे म्हणजे जायला निघणे, निरोप देणे म्हणजे पाठवणी करणे किंवा कळवणे, आणि निरोप ठेवणे म्हणजे समोरचा माणूस नसताना त्याच्यासाठी काही सांगून जाणे. व्हॉइस मेलमध्ये नेमके हेच घडते. आमच्या गावाकडे ‘सांगावा’ म्हणत, पण सांगावा धाडायला माणूस लागतो. यंत्राजवळ निरोप ठेवला जातो. ‘कृपया संदेश द्या’ यापेक्षा ‘कृपया निरोप ठेवा’ ही सूचना कानालाही बरी वाटते.

‘ट्रान्स्फर’ आणि ‘फॉरवर्ड’ या दोहोंसाठी ‘वळवणे’ हा एकच शब्द वापरू नये, ही आणखी एक विनंती. ऑपरेटर लाइन जोडून देते. यंत्रणा कॉल वळवते. आधी कोणी तरी बोललेले असते की नाही, एवढा हा फरक आहे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याची पुरवणी

‘निरोप ठेवणे’ मान्य आहे, पण चाचणीसाठी ते एकटे पुरणार नाही. लावणारा निरोप ठेवतो, तो यंत्रणेत साठतो, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला तो कळतो. या तीन पायऱ्यांपैकी कोणतीही तुटू शकते. अ‍ॅस्टरिस्कमध्ये निरोपाची किमान लांबी ठरवता येते, आणि त्याहून छोटा निरोप साठवलाच जात नाही. किमान तीन सेकंद ठेवले असतील तर ‘मी बोलतोय, फोन करा’ असे घाईने म्हणून फोन ठेवणाऱ्या ट्रकचालकाचा निरोप ठेवला गेला, पण साठला नाही. निरोपांची पेटी भरल्यावरही नवा निरोप साठत नाही. मूळ मांडणीत एका पेटीत १०० निरोप मावतात. आणि साठलेला निरोप कळण्यासाठी टेबलावरच्या फोनवरील निरोपाचा दिवा लागावा लागतो, ज्याची सूचना यंत्रणेकडून फोनला स्वतंत्रपणे जाते.

‘आन्सर्ड’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. यंत्रणेच्या नोंदीत व्हॉइस मेलने घेतलेला कॉलही ‘आन्सर्ड’ म्हणूनच दिसतो, आणि लावणाऱ्याच्या फोनवर बोलण्याची वेळ तेव्हापासूनच मोजली जाऊ लागते. महिन्याच्या अहवालात ९० टक्के कॉलना उत्तर दिले असे पाहून साहेब खूश होतात, आणि त्यांतले किती यंत्राने घेतले हे कोणी विचारत नाही. माझी सूचना अशी की ‘उचलला’ हा शब्द यंत्र आणि माणूस दोघांसाठी ठेवून पुढे कोणी उचलला ते लिहावे. ‘फोन घेतला’ असे लिहू नये, कारण त्याचा अर्थ नवा फोन विकत घेतला असाही होतो. त्याचप्रमाणे ‘कट केला’ आणि ‘कट झाला’ यांतला भेद काटेकोरपणे पाळावा. पहिल्यात कोणी तरी मुद्दाम बटण दाबलेले असते, दुसऱ्यात दोष मार्गात असतो.

‘एंगेज’ची चाचणी घेताना एक गोष्ट विसरू नये. अ‍ॅस्टरिस्कमध्ये एंगेज असताना आणि फोन उचलला जात नसताना (म्हणजे ‘अनअव्हेलेबल’) वाजवायच्या सूचना वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित करता येतात. पण त्या एक्स्टेन्शनवर कॉल वेटिंग चालू असेल तर दुसरा कॉल एंगेज न होता वाजत राहतो आणि शेवटी ‘उचलला नाही’ याच मार्गाने जातो. एंगेजची सूचना कोणाला कधीच ऐकू येत नाही. असा प्रकार आढळला तर ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा करण्यापूर्वी कॉल वेटिंग पाहावे.

आणि कॉल कोणाच्या मोबाइलवर वळवलेला असेल तर वेळेचा हिशेब बदलतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये रिंगची मुदत मोबाइलसाठी ३० सेकंद आणि लँडलाइनसाठी ६० सेकंद अशी ठरवली. तुमच्या यंत्रणेत ४० सेकंद लिहिलेले असतील तर मोबाइल कंपनी त्याआधीच आपली सूचना ऐकवून कॉल संपवते. तुमच्या व्हॉइस मेलची पाळी कधी येतच नाही आणि तक्रारवहीत पुन्हा ‘लागून नाही राहिला’ अशी नोंद होते. तिथे २० ते २५ सेकंद ठेवावेत.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

आपल्या सूचनांनुसार पत्रक तयार करून आज सकाळी पावणेआठ वाजता पहिली चाचणी घेतली. मी फाटकाबाहेरून माझ्या मोबाइलवरून फोन लावला आणि सहकारी बिलिंगच्या टेबलाजवळ उभी राहिली. पत्रकातील नोंद जशीच्या तशी देतो : ‘लागला. रिंग गेली. वाजला नाही. २० व्या सेकंदाला यंत्राने उचलला. निरोप ठेवला, ७ सेकंद. साठला. दिवा लागला नाही.’

पूर्वी याच प्रसंगाची नोंद ‘फोन बंद आहे’ अशी झाली असती आणि मी पीआरआय लाइनपासून शोध सुरू केला असता. रिंग गेली पण वाजला नाही, हे दोन रकाने शेजारी-शेजारी दिसल्यामुळे सरळ टेबलाखाली पाहिले. फरशी पुसताना फोनची वायर काढली गेली होती. फोनची यंत्रणेतील नोंदणी (हा फोन जोडलेला आहे, ही यंत्रणेची समजूत) आमच्याकडे एक तास टिकते; वायर निघून जेमतेम दहा मिनिटे झाली असल्यामुळे यंत्रणेच्या लेखी तो फोन जागेवरच होता, आणि ती वीस सेकंद एका मुक्या फोनला हाक मारत मला खुशाल रिंग ऐकवत होती. वायर लावल्यावर मिनिटभरात दिवाही लागला.

एकच शंका उरते. अशा वेळी पहिल्या रकान्यात ‘लागला’ लिहावे की नाही? आपल्या व्याख्येप्रमाणे रिंग पलीकडे पोचली असेल तरच फोन लागला म्हणायचे, आणि इथे तर ती पोचलीच नव्हती.

पहिला प्रतिसादकर्ता

‘लागला’ असेच लिहावे. तो रकाना फोन लावणाऱ्याचा आहे आणि त्याला जे ऐकू आले तेच त्याने लिहायचे आहे. माझ्या व्याख्येतील ‘पलीकडे’ हा शब्द मात्र चुकला. तो काढून ‘लावणाऱ्याला रिंग ऐकू येणे’ अशी दुरुस्ती करावी. तसे केल्यावर ‘लागला’ आणि ‘रिंग गेली’ हे दोन रकाने एकच ठरतात. त्यांतला दुसरा काढून टाकावा.