सांगलीत विश्रामबागजवळ भाड्याने घर मिळेल का?

नमस्कार. माझ्या मुलीला सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून, तिच्यासह तिघी मुलींसाठी विश्रामबाग परिसरात, महाविद्यालयात पायी जाता येईल असे, दरमहा ९,००० रुपयांपर्यंतचे घर हवे आहे. नदीच्या बाजूला पाहिलेल्या एका घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ओलीचा पट्टा होता. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर आठवला आणि तळमजला नकोच, असे ठरवले. शिवाय मालक सहा महिन्यांची अनामत मागत होते, पण अकरा महिन्यांचा करार नोंदवायला तयार नव्हते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती नोंदणी मालकाचीच जबाबदारी आहे. मुलींना घर देणारे, रीतसर करार करणारे कुटुंब कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. विश्रामबागमध्ये साधारण किती अनामत घेतात?